हरिकेनच्या जुन्या नोंदी आणि हवामानबदल: नुसती वादळं मोजून भागेल का?

दर्यावर्दी
अटलांटिकमधल्या हरिकेनची हरडॅट-२ नावाची फाइल अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. १८५१ पासून नोंदलेलं प्रत्येक वादळ त्यात आहे: दर सहा तासांनी ते कुठे होतं, वारा किती नॉट (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी), मध्यभागी दाब किती. वर्षागणिक वादळं मोजून आलेख काढला की रेघ चढत जाते. अधिकृत सरासऱ्याही तेच सांगतात. १९८१ ते २०१० ची सरासरी वर्षाला १२ नामांकित वादळं (म्हणजे ३४ नॉट गाठून नाव मिळालेली), १९९१ ते २०२० ची १४.

या चढाला समुद्र तापल्याचा पुरावा म्हणायचं का? म्हणता येत नसेल तर याच फाइलीतून काय काढावं, म्हणजे ते पुराव्याच्या तोडीचं ठरेल? पायऱ्या आणि खाचखळगे दोन्ही हवे आहेत.

खडीसाखर
त्याच सरासऱ्यांतले पुढचे दोन आकडेही बघा. हरिकेन, म्हणजे ६४ नॉट आणि वरची वादळं, ६ ची ७ झाली. जोराच्या पाच श्रेणींपैकी श्रेणी ३ आणि त्यावरची, म्हणजे मोठी हरिकेन, ३ होती ती पूर्णांकात ३ च राहिली. वाढ बरीचशी खालच्या पायरीवर आहे. तिथेच संशय घ्यायला हवा.

निंबोणी
खडीसाखर, बरोबर पकडलंत. वादळं मोजण्याआधी ती कोणी आणि कशी पाहिली ते बघायला हवं.

१८५१ पासूनची बरीच वर्षं अटलांटिकमधल्या वादळाची नोंद होण्याचे दोनच मार्ग होते. ते किनाऱ्यावर आदळलं किंवा एखाद्या जहाजाला सापडलं. १९१४ साली नोंदीत एकच वादळ आहे, अख्ख्या फाइलीतला नीचांक. समुद्र त्या वर्षी शांत असेलही, पण त्याच ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि पनामा कालवाही सुरू झाला, त्यामुळे पुढची काही वर्षं जहाजांचे मार्ग उलटसुलट झाले. जहाजांवर बिनतारी संदेश आले तेव्हा आणखी एक गंमत झाली. इशारा मिळाला की कप्तान वादळ टाळू लागले, म्हणजे वादळाच्या पोटातली निरीक्षणं उलट घटली.

२७ जुलै १९४३ ला जोसेफ डकवर्थ यांनी गॅल्व्हेस्टनजवळच्या वादळात विमान घातलं, आणि १९४४ पासून विमानांच्या नियमित फेऱ्या सुरू झाल्या. पण विमानाचा पल्ला पश्चिम अटलांटिकपुरता. आफ्रिकेच्या बाजूला जन्मून समुद्रातच विरणारं वादळ तरीही निसटायचं. १९६० ला टायरॉस-१ उपग्रह आला, १९६६ पासून रोजची चित्रं, सत्तरच्या दशकात भूस्थिर उपग्रह आणि ढगांच्या आकारावरून वाऱ्याचा वेग अंदाजायची ड्व्होरॅक पद्धत.

आता या तारखा तुमच्या आलेखावर उभ्या रेघा मारून दाखवा. चढाच्या पायऱ्या कुठे येतात ते डोळ्यांनीच दिसेल.

पागोळी
म्हणजे हवामानबदलाचा वादळांवर परिणामच नाही, असं म्हणायचं आहे का? "जुनी वादळं दिसली नव्हती" हा मुद्दा नेमका तेच लोक पुढे करतात ज्यांना तापमानवाढच मान्य नाही.

निंबोणी
पागोळी, मुद्दा कोण वापरतं यावरून तो खरा-खोटा ठरत नाही. हरिकेनचे अभ्यासक क्रिस लँडसी यांनी २००७ मध्ये एक साधा हिशोब मांडला होता. १९६६ नंतरच्या वादळांपैकी सुमारे ५९ टक्के जमिनीवर आदळली, १९०० ते १९६५ मधल्यांपैकी सुमारे ७५ टक्के. किनाऱ्यावरची वादळं तेव्हाही नजरेतून सुटत नव्हती. मग टक्का एवढा जास्त का? तर छेदातली भर समुद्रातली वादळं गायब आहेत म्हणून. व्हेकी आणि नटसन या संशोधकांनी २००८ मध्ये जुन्या जहाजांचे मार्ग घेतले, आजची वादळं त्यांवर चालवून बघितली आणि किती निसटली असती ते काढलं. ती भर घातल्यावर १८७८ पासूनची वाढ शून्यापासून वेगळी करता येत नाही.

हा परिणाम नसल्याचा पुरावा नाही. संख्या हे माप या कामाचं नाही, एवढंच यातून निघतं.

कातळकडा
+१. शिवाय तापलेल्या समुद्राने वादळांची *संख्या* वाढावी असं भौतिकशास्त्र ठामपणे म्हणतच नाही. वादळ जन्मायला गरम पाण्याबरोबर वरच्या-खालच्या थरांतल्या वाऱ्यांत फरक कमी लागतो, मधला थर दमट लागतो, आणि मुळात एक बीज-विक्षोभ, म्हणजे आधीची छोटी खळबळ, लागतो. गरम पाणी ठरवतं ते कमाल मर्यादा: जन्मलेलं वादळ किती जोर धरू शकेल. म्हणून शोधायचं तर वरच्या टोकाला शोधा.

गणितवेडा
आता फाइल वाचण्याबद्दल. नवख्याच्या इथेच चार चुका होतात.

फाइलीत दोन प्रकारच्या ओळी आहेत. एक मथळ्याची: एएल१२२००५, कॅटरिना, ३४. म्हणजे अटलांटिक, मोसमातलं बारावं, २००५, आणि खाली ३४ ओळी. त्यानंतर नोंदींच्या ओळी: २००५०८२९, १११०, एल, एचयू, २९.३ उत्तर, ८९.६ पश्चिम, ११०, ९२०. तारीख, जागतिक वेळ, "एल" म्हणजे जमिनीवर आदळलं, "एचयू" म्हणजे हरिकेन, मग जागा, वारा ११० नॉट, दाब ९२० हेक्टोपास्कल. मथळा वाचा, आकडा घ्या, तेवढ्या ओळी उचला, परत मथळा. रकान्यांची संख्या वेगळी असल्याने थेट टेबल म्हणून उघडू नका.

पहिली चूक: नावावर गट पाडणं. नावं १९५० पासून आहेत, त्याआधी सगळी "अननेम्ड". नंतरही तीच यादी दर सहा वर्षांनी फिरते. नेहमी ओळख-क्रमांकावर गट पाडा.

दुसरी: दाबाच्या रकान्यात -९९९ आणि वाऱ्याच्या रकान्यात -९९ म्हणजे नोंद नाही. ते आकडे सरासरीत गेले तर एखादं वादळ पोकळीच्याही खाली जातं.

तिसरी सगळ्यात महागात पडते. ११:१० ची ती ओळ सहा-तासी नाही, ती किनाऱ्यावर धडकल्याची जादा ओळ आहे. १४:४५ लाही एक आहे, १०५ नॉटची. ०, ६, १२, १८ याच वेळा ठेवा, बाकी गाळा. न गाळता ऊर्जा-निर्देशांक काढलात तर या दोन ओळींनी कॅटरिनाच्या पदरात १.२१ आणि १.१० मिळून २.३१ एकक फुकट पडतात. जादा ओळी बहुतेक जमिनीवर धडकणाऱ्या वादळांनाच असल्याने ही चूक एका बाजूलाच झुकते, सरासरीत विरत नाही.

चौथी: १८५१ ते १८८५ मधला वारा १० नॉटच्या पटीत आहे, पुढे ५ च्या. जुन्या-नव्या वर्षांची थेट तुलना केली की श्रेणींच्या सीमेवर कृत्रिम उड्या दिसतात.

दर्यावर्दी
हे फार कामाचं. ऊर्जा-निर्देशांक नेमका कसा काढायचा?

गणितवेडा
त्याला एसीई म्हणतात. वादळ ३४ नॉट किंवा जास्त असताना दर सहा तासांच्या वाऱ्याचा वर्ग घ्या, बेरीज करा, १०,००० ने भागा. १०० नॉटच्या वादळाचे सहा तास म्हणजे १ एकक, ५० नॉटच्याचे पाव. "टीएस" (उष्णकटिबंधी वादळ), "एचयू", "एसएस" (उपोष्णकटिबंधी वादळ) याच अवस्था घ्या. "ईएक्स", म्हणजे थंड प्रदेशात जाऊन स्वभाव बदललेलं वादळ, वगळा.

फायदा हा, की चार-सहा तास जगून गेलेल्या वादळाने बेरीज हलत नाही. बघा: २०२० मध्ये ३० नामांकित वादळं आणि एसीई सुमारे १८०. १९३३ मध्ये नोंदीत २० आणि एसीई सुमारे २५९. म्हणजे संख्येने विक्रमी वर्ष ऊर्जेने नव्हतं, आणि १९३३ मध्ये तर निसटलेली वादळं वेगळीच.

निंबोणी
याच्याच जोडीला: दोन दिवस किंवा कमी जगलेली वादळं वेगळी काढा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती वर्षाला एखादं, २००० नंतर पाचेक. दोन दिवसांपेक्षा जास्त जगलेल्यांचा आलेख काढला तर चढ जवळजवळ नाहीसा होतो. दर्यावर्दी, तुमच्या १२ चे १४ होण्यातला मोठा वाटा इथे आहे.

सागरगोटी
हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांचा निर्देशांक वर्गाऐवजी घनाचा आहे ना? तो जास्त चांगला नाही का?

गणितवेडा
आहे. ऑगस्ट २००५ च्या सुरुवातीला तो लेख छापून आला, आणि महिनाअखेर कॅटरिना. वाऱ्याची विध्वंसक शक्ती घनाच्या जवळ जाते म्हणून घन. पण चूकही घन होते. वाऱ्यात १० टक्के चूक म्हणजे निर्देशांकात ३३ टक्के. केवळ उपग्रहावरून काढलेल्या वाऱ्यात १० नॉटची अनिश्चितता सहज असते. १९७० च्या आधीच्या वर्षांत घन वापरूच नये असं माझं मत.

अँड्र्यूचं उदाहरण लक्षात ठेवा. १९९२ चं वादळ, विमानांनी मोजलेलं, फ्लोरिडावर डोळ्यादेखत आदळलेलं. तरीही २००२ मध्ये पुन्हा तपासून ताशी १४५ मैलांचं १६५ केलं आणि श्रेणी ४ ची ५ झाली. म्हणून फाइल कोणत्या तारखेची आवृत्ती आहे ते आलेखाखाली लिहा. जुनी वर्षंही बदलतात.

पागोळी
बरं, मग १९७० पासूनच सुरुवात करू. उपग्रहांचा काळ, नोंदी चांगल्या. त्यात तर वाढ स्पष्ट आहे! एसीई, मोठी हरिकेन, सगळंच वर जातं.

कातळकडा
पागोळी, इथे दुसरा खड्डा आहे. १९७० ते १९९४ हा अटलांटिकचा शांत काळ. तिथून रेघ सुरू केली की ती वरच जाणार. १९५० पासून सुरू करा, चढ बराच कमी होईल.

तो काळ शांत का होता यावर खरा वाद आहे. एक बाजू म्हणते अटलांटिकचं पाणी काही दशकं गरम, काही दशकं थंड असं स्वतःहून झुलतं. दुसरी म्हणते युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांच्या गंधकाच्या धुराने ऊन अडवलं आणि पाणी थंड ठेवलं, स्वच्छ हवेचे कायदे आल्यावर धूर गेला आणि पाणी तापलं. दुसरी बाजू खरी असेल तर तो चढ माणसाने घडवलेलाच आहे, फक्त कार्बन डायऑक्साइडने एकट्याने नाही. मला ही बाजू जास्त पटते, पण एका वादळ-फाइलीतून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी हवामानाची संगणकी प्रतिरूपं लागतात.

व्यवहारात काय करायचं: १९६६, १९७०, १९७५, १९८० अशी सुरुवातीची वर्षं बदलत रेघेचा उतार काढा आणि सगळे उतार एका चित्रात मांडा. एकच सोयीचं वर्ष निवडून उतार दाखवणं मला अप्रामाणिक वाटतं, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

खडीसाखर
एल निनोही समीकरणात घ्या. एल निनोच्या वर्षी अटलांटिकवर वाऱ्यांतला फरक वाढतो आणि वादळं दबतात. तो रकाना नसेल तर गोंगाटच जास्त उरतो.

चिंचबन
अमेरिकेच्या किनाऱ्यावर आदळलेलीच का मोजू नयेत? ती तर १९०० पासून सगळी माहीत आहेत.

गणितवेडा
मोजता येतात, पण आकडे फार तुटपुंजे. ऑक्टोबर २००५ ची विल्मा ते ऑगस्ट २०१७ चं हार्वी, जवळपास बारा वर्षं एकही मोठं हरिकेन अमेरिकेच्या किनाऱ्यावर आदळलं नाही. त्याच काळात समुद्रात ती होतच होती.

थोडा हिशोब करा. वर्षाला सरासरी ३ मोठी हरिकेन, २० वर्षांत ६०. पुढच्या २० वर्षांत खरोखर २० टक्के वाढ झाली तर ७२. फरक १२. पण नुसत्या योगायोगाने पडणारा फरक दोन्हींच्या बेरजेच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १३२ चं वर्गमूळ, साधारण ११.५. खरी वाढ असूनही ती योगायोगापेक्षा जेमतेम मोठी दिसते. आणि हे संपूर्ण अटलांटिकचं, किनाऱ्यावरची तर याहून थोडी. "वाढ दिसली नाही" आणि "वाढ नाही" यांतलं अंतर हे असं असतं.

डॉलरमधल्या नुकसानीचा आलेख तर काढूच नका. किनाऱ्यावर घरं वाढली, किमती वाढल्या. १९२६ चं मायामीचं वादळ आजच्या मायामीवर आणून ठेवलं तर ते यादीत सगळ्यात वर जातं.

सागरगोटी
मग जगभराची वादळं एकत्र केली तर आकडे वाढतील. आयबी-ट्रॅक्स फाइल त्यासाठीच आहे ना?

गणितवेडा
हो, पण तिचे स्वतःचे सापळे आहेत.

तिच्यात उत्तर अटलांटिकचा संकेत "एनए" आहे. पायथनमधलं पांडाज आणि आर या दोन्ही संगणकी साधनांना "एनए" म्हणजे रिकामी जागा वाटते. फाइल उघडली की अख्खा अटलांटिक गायब! पांडाजमध्ये कीप_डिफॉल्ट_एनए बंद करून वाचा. दुसरी ओळ एककांची आहे, ती वगळा. नोंदी तीन-तासी आहेत, मधल्या ओळी अंदाजाने भरलेल्या. एसीई काढताना सहा-तासी वेळाच घ्या, नाहीतर दुप्पट येईल. "स्पर" प्रकारचे मार्गही, म्हणजे मुख्य मार्गाला फुटलेले तुटक फाटे, काढून टाका.

आणि वाऱ्याची व्याख्या. अमेरिकन संस्था १ मिनिटाची सरासरी घेतात, आपलं हवामान खातं ३ मिनिटांची, बरेच इतर १० मिनिटांची. एकाच वादळाचे तीन वेग दिसतात आणि तिन्ही बरोबर असतात. एकच रकाना निवडा, शेवटपर्यंत तोच वापरा.

मांडवी
आपल्या अरबी समुद्राचं काय? २०१९ मध्ये क्यार, २०२० मध्ये निसर्ग अलिबागजवळ, २०२१ मध्ये तौक्ते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या काळापेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली आणि बंगालच्या उपसागरात ८ टक्क्यांनी घटली असं दाखवलं आहे. इथे तरी संख्येवर बोलता येईल?

निंबोणी
मांडवी, अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एखाद-दुसरं चक्रीवादळ. गणितवेडांनी वर मांडलेला हिशोब इथे आणखी कडक लागू होतो. पण दिशा मला गंभीर वाटते, कारण फक्त संख्या नाही, टिकण्याचा काळ आणि जोरही वाढला आहे आणि पाणीही तापलं आहे. तीन गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवतात.

एक तांत्रिक इशारा. मेटिओसॅट-५ हा उपग्रह १९९८ मध्ये हिंदी महासागरावर आणून ठेवला. त्याआधी परदेशी संस्था या समुद्राकडे फार तिरक्या कोनातून बघत होत्या. १९९८ च्या आसपास जोरात अचानक उडी दिसली तर आधी उपग्रह तपासा.

मांडवी
धन्यवाद. हे कुठल्याच बातमीत येत नाही.

कातळकडा
तिरक्या कोनाच्या याच अडचणीवर जिम कॉसिन आणि सहकाऱ्यांनी तोडगा काढला, आणि दर्यावर्दींच्या मूळ प्रश्नाला त्यात चांगलं उत्तर आहे. त्यांनी जगभरातली उपग्रह-चित्रं मुद्दाम एकसारख्या ढोबळ दर्जावर आणली, म्हणजे १९७९ चं आणि २०१७ चं चित्र सारखंच धूसर. मग सगळ्यांवर एकच संगणकी ड्व्होरॅक पद्धत चालवली. माणसाचा हात नाही, बदलती साधनं नाहीत. २०२० मध्ये छापून आलेला निष्कर्ष: एखादी हरिकेन-नोंद मोठ्या हरिकेनची असण्याची शक्यता दशकामागे सुमारे ८ टक्क्यांनी वाढली.

माहिती वाढवण्यापेक्षा सगळी माहिती समान पातळीला *उतरवणं* जास्त उपयोगी पडलं. ही युक्ती मला फार आवडते.

पागोळी
हे पटलं. पण कातळकडा, वारा सोडून पाऊस? हार्वीत टेक्सासच्या नेदरलँड गावाजवळ सुमारे १५३९ मिलिमीटर पाऊस पडला. तो वाऱ्याच्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

कातळकडा
अगदी खरं. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे पावसाबद्दलचा पुरावा वाऱ्यापेक्षा भक्कम आहे. वादळाने ढकललेल्या भरतीच्या लाटेचंही तसंच. समुद्राची पातळी आधीच वर आहे, त्यामुळे तेच वादळ जास्त आत घुसतं. पण दोन्हींसाठी हरडॅट-२ नको, पर्जन्यमापक आणि भरतीमापकाच्या नोंदी हव्यात. वादळं रेंगाळू लागली आहेत का, हे मात्र या फाइलीतून काढता येतं: सलग दोन जागांतलं अंतर भागिले सहा तास. तिथेही उपग्रहाआधीची वर्षं घेतली तर निष्कर्ष डळमळतो, त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली आहे.

चिंचबन
वादळ अचानक जोर धरण्याचं काय? ते तर अंदाज करणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतं.

गणितवेडा
व्याख्या २४ तासांत ३० नॉट वाढ. चार ओळी मागचा वारा वजा करा. जादा ओळी गाळल्या नसतील तर चार ओळी म्हणजे २४ तास राहत नाहीत, पुन्हा तीच चूक. ज्या २४ तासांच्या खिडकीत वादळ जमिनीवर आहे किंवा "ईएक्स" झालं आहे ती वगळा. १९८० नंतरचीच वर्षं घ्या.

दर्यावर्दी
सगळ्यांचं वाचून योजना बदलली आहे. १९८० पासूनची वादळं, प्रत्येकाचा आयुष्यातला कमाल वारा, आणि नामांकित वादळांपैकी मोठ्या हरिकेनचं प्रमाण. संख्या नाही, प्रमाण. बरोबर?

निंबोणी
जवळजवळ. पण छेद नामांकित वादळांचा ठेवू नका. अल्पायुषी वादळांनी तो फुगला आहे, प्रमाण खोटं घटलेलं दिसेल. छेद *हरिकेन* संख्येचा घ्या, ६४ नॉट आणि वर. अंश ९६ नॉट आणि वर.

गणितवेडा
आणि प्रत्येक वादळ स्वतंत्र मानू नका. एका मोसमातली वादळं एकाच गरम पाण्यावर वाढतात. अनिश्चितता काढताना वादळं नाही, *अख्खी वर्षं* चिठ्ठ्यांसारखी काढा: वर्षांमधून पुन्हा पुन्हा, परत टाकत, दहा हजार वेळा. दर वेळी उतार काढा, मधले ९५ टक्के उतार दाखवा. वादळागणिक चिठ्ठ्या काढल्या तर पट्टा खोटा अरुंद येतो.

दर्यावर्दी
छेद बदलतो. सुरुवातीची वर्षं १९८०, १९८५, १९९० अशी बदलून तिन्ही पट्टे एका चित्रात टाकतो, फाइलीच्या आवृत्तीच्या तारखेसकट. एल निनोचा निर्देशांक कोणत्या महिन्यांचा घ्यावा?

खडीसाखर
ऑगस्ट ते ऑक्टोबरची सरासरी. मोसमाचा कळस तेव्हाच असतो.